कंसातली संख्या: साडेतेराशेचा कॅल्क्युलेटर, तीन महिने वापरून

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा अंधारासाठी कापलाय आणि एक कंसासाठी. अंधाराचं दोन ओळीत उरकतं, कंसाचं उरकत नाही, म्हणून हे लांबलंय. ज्यांना लेकरांच्या इंजिनिअरिंगसाठी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्यायचाय त्यांनी खुशाल घ्यावा, पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

मी अंबाजोगाईचा. केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं गणित शिकवलं, आता घरी असतो. नात नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला लागली, तिला पोचवायला गेलो तेव्हा घेतला. आधी बसस्टँडजवळ एका दुकानात साडेआठशेला दाखवला. दिसायला हुबेहूब, पण कळ दाबली की आत जाऊन बसायची, वर यायला राजी नाही. तो तसाच काउंटरवर ठेवला आणि वजिराबादेत गेलो. तिथं साडेतेराशे, पक्कं बिल, डब्यावर चकाकणारं स्टिकर. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, तुम्हाला काय करायचा हा? तुमचं तर सगळं तोंडी." म्हटलं, नातीसाठी आहे. त्या वेळी ते खरंच होतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याकडं हे मॉडेल आहे ते पुढं वाचून ओळखतीलच.

वस्तू चांगली आहे. कळांवरची अक्षरं तीन महिन्यांत पुसट झाली नाहीत. सरकवायचं झाकण घट्ट बसतं. वर सौरपट्टी आणि आत सेल, दोन्हीवर चालतो. अपूर्णांक वहीत लिहितो तसा वर-खाली दाखवतो, हे मला फार आवडलं. आमच्या वेळच्या कॅल्क्युलेटरवर एक तृतीयांश म्हटलं की तिनाची रांग लागायची. अंधाराची तक्रार एवढीच की पडद्याला आतून उजेड नाही. आमच्याकडं वारं सुटलं की लाइट जाते, मग एका हातात मोबाइलची बॅटरी आणि एका हातात हा, असा कारभार. पेन्सिल तिसऱ्या हातात धरायची का?

आता कंस.

दिवाळीच्या सुट्टीत नात घरी आली होती. आज्जीनं अनारशाचं पीठ पसरलेलं, त्याच्या शेजारी हिची वही. प्रश्न होता: १२,३४,५६,७८९ या संख्येला एकूण विभाजक किती? हिनं संख्या दाबली, बरोबरचं चिन्ह दाबलं, मग शिफ्ट दाबून अंश-मिनिट-सेकंदाची कळ दाबली. त्या कळेच्या डोक्यावर बारीक पिवळ्या अक्षरांत फॅक्ट लिहिलंय. मी इतके दिवस समजत होतो की ते फॅक्टोरियलचं असेल. तसं नाही. ती कळ मूळ अवयव पाडते! पडद्यावर आलं:

३² × (१३७१७४२१)

तिनं लगेच वहीत मांडलं. तिनाचा घातांक दोन, त्यात एक मिळवून तीन. दुसऱ्या मूळ संख्येचा घातांक एक, त्यात एक मिळवून दोन. तीन दुणे सहा. उत्तर सहा विभाजक. रीत अगदी बरोबर, मीच तिला सातवीत शिकवली होती.

म्हटलं, "बाई, हा कंस कशाचा?"

"मोठी संख्या आहे ना आबा, म्हणून दिला असेल."

मोठी आहे म्हणून कंस? वर्गातल्या एखाद्या पोरानं फळ्यावर असा विनाकारण कंस दिला असता तर मी त्याला तिथंच थांबवलं असतं. मी डब्यातली पुस्तिका काढली. इंग्रजीत आहे, अक्षर मुंगीएवढं. भिंग घेऊन वाचलं तेव्हा उलगडा झाला. या यंत्राला दहा अंकांपर्यंतची संख्या देता येते, पण ते भागून बघतं फक्त तीन अंकी मूळ संख्यांपर्यंत. म्हणजे २, ३, ५, ७ पासून ९९७ पर्यंत. हजाराच्या आत १६८ मूळ संख्या आहेत. त्या संपल्या की यंत्र थांबतं, आणि जे उरलं ते १०,१८,०८१ किंवा त्याहून मोठं असेल तर कंसात घालून आपल्यापुढं ठेवतं.

१०,१८,०८१ हा आकडा कुठून आला ते बघा. ९९७ नंतरची मूळ संख्या १००९, आणि १००९ चा वर्ग म्हणजे १०,१८,०८१. संयुक्त संख्येला तिच्या वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान एक तरी मूळ अवयव असतोच, हे आपण शाळेतच शिकतो. त्यामुळं ९९७ पर्यंत कुणीच लागलं नाही आणि उरलेली संख्या १००९ च्या वर्गापेक्षा लहान असेल, तर ती मूळच. तिथं यंत्र कंस देत नाही, छातीठोक सांगतं. दहा वेळा एक, म्हणजे १,११,११,११,१११ दाबून बघा. ११ × ४१ × २७१ × ९०९१ असं स्वच्छ उत्तर येतं. शेवटचा ९०९१ चार अंकी असूनही कंस नाही. पण १००९ चा वर्गच दाबला, तर तो जसाच्या तसा कंसात परत येतो. एवढा सरळ पूर्ण वर्ग, पण याच्या हद्दीच्या नेमका एक पाऊल बाहेर.

म्हणजे कंसाचा अर्थ 'ही मूळ आहे' असा नाही, आणि 'ही संयुक्त आहे' असाही नाही. माझे वडील निजामाच्या काळात उर्दूतून शिकले. ते मूळ संख्येला मुफ्रद म्हणायचे आणि संयुक्तला मुरक्कब. एखाद्याचा स्वभाव लवकर कळत नसला की म्हणायचे, "हा मुफ्रद आहे का मुरक्कब, समजेना." तसंच झालं हे.

मग १,३७,१७,४२१ चं काय? नात म्हणाली, लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिते. म्हटलं, थांब जरा. टेबलावर भाचीकडची लग्नपत्रिका होती, तिची मागची बाजू कोरी. ९९७ पर्यंत यंत्रानं बघितलंच आहे, ते काम वाचलं. पण पुढं १००९, १०१३, १०१९ असं एकेकानं भागत बसायचं तर वर्गमूळ सदतीसशेच्या वर जातं, साडेतीनशे भागाकार सहज होतील. त्यापेक्षा फर्माची रीत बरी. फर्मा सतराव्या शतकातला, फ्रान्समधल्या तुलूझचा, पेशानं कायद्याचा माणूस, गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. त्याची रीत अशी: संख्येच्या जरा वरचा पूर्ण वर्ग घ्यायचा, त्यातून संख्या वजा करायची, उरलेला आकडाही पूर्ण वर्ग निघाला तर काम फत्ते. कारण दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी.

वर्गमूळ ३७०३ आणि वर थोडं. म्हणून ३७०४ पासून सुरुवात. ३७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून १,३७,१७,४२१ गेले, उरले २,१९५. शेवटी पाच असलेला पूर्ण वर्ग पंचविसावर संपतो, हा पंच्याण्णवावर संपतोय. बाद.

पुढचा ३७०५. याचा वर्ग तर तोंडी: ३७० गुणिले ३७१ बरोबर १,३७,२७०, त्याच्यापुढं २५ लिहायचे. १,३७,२७,०२५. वजा केलं, उरले ९,६०४.

मी पेन्सिल खाली ठेवली. नातीकडं बघितलं. ९,६०४ म्हणजे शंभरातून दोन कमी, त्याचा वर्ग. अठ्ठ्याण्णव!

मग ३७०५ वजा ९८ बरोबर ३६०७, आणि ३७०५ अधिक ९८ बरोबर ३८०३. दोघांचा गुणाकार १,३७,१७,४२१. दुसऱ्याच पायरीला. ३६०७ आणि ३८०३ दोन्ही मूळ आहेत, ते नातीनं त्याच कॅल्क्युलेटरवर तपासलं. दोन्ही बिनकंसाच्या आल्या. तेव्हा १२,३४,५६,७८९ बरोबर ३² × ३६०७ × ३८०३, आणि विभाजक तीन दुणे सहा दुणे बारा. वहीतल्या सहाचे बारा झाले. ही संख्या न्यून आहे, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरते. बेरीज येते ५,४९,६६,०२७. कंस मूळ धरला असता तरी ती न्यूनच ठरली असती, पण बेरीज ९६,३३० नी चुकली असती. नाव बरोबर आणि हिशोब चूक, अशी चूक पकडायला सगळ्यात अवघड. पेपर तपासताना मी अशांनाच फसायचो.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग यंत्र कुचकामी. तसं नाही. मीही त्या रात्री जरा चढूनच होतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्याला दुसरी संख्या दिली. ४,२९,४९,६७,२९७. दोनाचा बत्तिसावा घात अधिक एक. हिला इतिहास आहे. याच फर्माला वाटत होतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या माळेतली प्रत्येक संख्या मूळ असते. पहिल्या पाच आहेतच. सहावी ही. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञानं दाखवलं की हिला ६४१ नं भाग जातो. यंत्रानं डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर दिलं:

६४१ × (६७००४१७)

शाबास म्हणावं असंच. पण पुन्हा तोच कंस, दिसायला कालच्यासारखाच. आणि हा ६७,००,४१७ कालच्यासारखा फुटत नाही, तो मूळ आहे. काल कंसात मुरक्कब होता, आज मुफ्रद. पडद्यावर दोघांचा पोशाख एकच. मी एक तारा कापला तो यासाठी.

६७,००,४१७ मूळ आहे हे हातानं कसं पटवायचं, तेही सांगतो, कारण मजेचं आहे. ऑयलरला कळलेलं होतं की या संख्येचा कुठलाही मूळ अवयव चौसष्टाच्या पटीत एक मिळवून आलेला असतो. ६४१ बघा, चौसष्ट दाहे सहाशे चाळीस अधिक एक. ६७,००,४१७ चं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. ६४१ च्या आतलं यंत्रानं बघितलंच आहे, तेव्हा ६४१ पासून तिथपर्यंत चौसष्ट-चौसष्टच्या उड्या मारत गेलं तर एकतीस संख्या लागतात. त्यातल्या बहुतेक तिनानं, पाचानं, सातानं, अकरानं गळतात. त्यांच्यात १७२९ सुद्धा येते, रामानुजन यांच्या टॅक्सीवाली, ती ७ × १३ × १९ असल्यानं गळाली. उरतात फक्त सात: ६४१, ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. सात भागाकार करायचे. एकानंही नि:शेष भाग जात नाही. झालं. यंत्राच्या हद्दीबाहेरची संख्या, आणि आपण दळण दळून आणायच्या वेळात तिचा निकाल लावला. भागाकार मात्र मी त्याच कॅल्क्युलेटरवर केले, खोटं कशाला बोलू.

२,१४,७४,८३,६४७ दिली तर सगळीच्या सगळी कंसात परत येते. ही दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा करून मिळते, आणि ती मूळ आहे हे १७७२ मध्ये त्याच ऑयलरनं सांगितलेलं आहे. ३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज बरोब्बर संख्येएवढी, मात्र २¹² × ८१९१ अशी छान उघडून येते.

आणखी एक गोष्ट खटकली, तिला तारा कापत नाही, कारण ती या किमतीच्या कुठल्याही कॅल्क्युलेटरची आहे. नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. चढायचं आणि उतरायचं, देवळाच्या शिखरासारखं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हणायचे. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव, तिथं त्यांना त्या सुचल्या. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते, आमच्याच बिरादरीतले, म्हणून मी हा वर्ग प्रत्येक नव्या कॅल्क्युलेटरवर आधी करून बघतो. याच्या पडद्यावर दहाच अंक मावतात. तो दाखवतो १.२३४५६७८९९ × १०¹⁶. चढण दिसते, उतरण गायब. शेवटचा नऊ तर खरा आठ, पुढचे अंक कापताना वर ढकललेला. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथात एक, दहा, शत, सहस्र करत परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिलेली आहेत, आणि आपल्या हातातला पडदा दहाव्या घरात दमतो.

कापरेकरांच्याच हर्षद संख्या मात्र यावर मजेत तपासता येतात. हर्षद म्हणजे अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जाणारी. १२,३४,५६,७८९ च्या अंकांची बेरीज ४५. भाग जात नाही, कारण पाचाची कसोटी लागत नाही. शेवटी एक शून्य ठेवा, बेरीज तीच राहते, आणि १,२३,४५,६७,८९० भागिले ४५ बरोबर २,७४,३४,८४२, पुरता भाग. एका शून्यानं संख्या हर्षद झाली. हे मी शेजारच्या चौथीतल्या पोराला दाखवलं, तर तो म्हणाला, "मग मला पण गणितात शेवटी शून्य द्या."

नातीला हे सगळं पाठ्यपुस्तकाबाहेरचं वाटत होतं, पण सुट्टी संपताना तिनंच मला तिच्या विषयातलं सांगितलं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या तिघांनी गुप्त माहितीला लावायचं एक कुलूप काढलं, आरएसए नावाचं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार उघड सांगायचा, त्या दोन संख्या लपवायच्या. आज या कुलपासाठी गुणाकार ६१७ अंकी घेतात. "म्हणजे आबा, सगळं कुलूपच कंसावर चालतं," ती म्हणाली. आणि त्यांच्या सरांनी एक सूचना दिली होती, ती तिनं नुसतीच उतरवून घेतली होती: दोन्ही मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेऊ नका. का, ते तिला लग्नपत्रिकेच्या पाठीवर कळलं. ३६०७ आणि ३८०३ एकमेकींना खेटून उभ्या होत्या, म्हणूनच फर्मा दोन पायऱ्यांत घरात शिरला.

तेव्हा घ्यायचा की नाही? घ्या. बिल मागा, कळा दाबून बघा, वर येत नसतील तर पैसे देऊ नका. फॅक्टची पिवळी अक्षरं आहेत का बघा, नसलेलं मॉडेल स्वस्त असतं आणि बहुतेकांना तेवढंही पुरतं. लेकरांना मात्र पहिल्याच दिवशी कंसाचं सांगा. पुस्तिका वाचायला भिंग लागतं आणि अठरा वर्षांचं लेकरू भिंग घेऊन बसत नाही. कंपनीचं कुणी वाचत असेल तर एवढंच करा, कंसाच्या शेवटी एक प्रश्नचिन्ह टाका. मी तारा परत देतो.

कॅल्क्युलेटर आता परत नांदेडला गेलाय. आठवडाभर मी बोटं मोजत काढला आणि मग बस धरून वजिराबादेत जाऊन तसलाच दुसरा आणला. दुकानदारानं या वेळी विचारलं नाही कुणासाठी ते. मागच्या रविवारी नातीचा फोन आला. तिनं १,२३,४५,६७,८९१ दाबली होती, ती तशीच्या तशी कंसात परत आली. मूळ का संयुक्त, विचारत होती. ती मूळ आहे हे मला माहीत आहे, पण मी सांगितलं नाही. म्हटलं, वर्गमूळ पस्तीस हजाराच्या वर जातंय, ९९७ पर्यंत यंत्रानं बघितलंय, १००९ पासून तू लाग. ती म्हणाली, "आबा, मी प्रोग्रॅम लिहिणार." मी म्हटलं, लिही, पण आधी फर्माच्या पाच पायऱ्या हातानं कर आणि कागदाचा फोटो पाठव.

काल रात्री फोटो आला. तिसऱ्या पायरीत वजाबाकीचा हातचा विसरलीय.